युरोपचा अभ्यास आणि बुंदेलखंडाचा राजपुत्र

'युरोपीय राजकारण आणि संस्कृती' या विषयात पदव्युत्तर पदवी घेणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आपल्या विद्यापीठीय परंपरेत सहज सुटणारा नाही. भारतीय विद्यापीठांनी युरोपची वाटणी फार पूर्वीच करून टाकली आहे. फ्रेंच राज्यक्रांती इतिहास विभागाकडे गेली. गटे आणि बॉदलेअर परकीय भाषा विभागाकडे आले. युरोपीय संघाची घडण राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध या विभागांकडे राहिली, आणि शेक्सपिअर इंग्रजी विभागात इतका रुळला की तो युरोपीय आहे याचेही विस्मरण व्हावे. ही सारी दप्तरे एकत्र उघडून युरोप नावाच्या कल्पनेची चिकित्सा करणारा स्वतंत्र अभ्यासक्रम ही गेल्या दोन-तीन दशकांतील घडामोड आहे. त्या घडामोडीशी एका मराठी विद्यापीठाचाही संबंध आलेला असल्याने तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

येथे अभिप्रेत असलेला अभ्यासक्रम 'यूरोकल्चर' या नावाने ओळखला जातो. १९९८ मध्ये काही युरोपीय विद्यापीठांच्या सहकार्यातून त्याचे जाळे उभे राहिले. पुढे युरोपीय संघाच्या 'इरास्मस मुंडुस' या योजनेत त्याचा समावेश झाला आणि युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा मार्ग मोकळा झाला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन, जर्मनीतील ग्योटिंगेन, पोलंडमधील क्राकूव्ह, चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स, फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग, इटलीतील उदिने, स्वीडनमधील उप्साला आणि स्पेनमधील बिल्बाओ येथील विद्यापीठे त्यात सहभागी झाली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, १२० श्रेयांकांचा. पहिले सत्र एका विद्यापीठात, दुसरे दुसऱ्या देशातील विद्यापीठात, त्यानंतर उन्हाळ्यात सर्व केंद्रांतील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन निबंधवाचन करावयाचे, तिसऱ्या सत्रात संशोधन किंवा प्रत्यक्ष कार्यानुभव, आणि शेवटी प्रबंधिका, अशी त्याची सर्वसाधारण रचना. एका विद्यापीठात मुक्काम ठोकून पदवी घेण्याची सोय येथे मुद्दामच ठेवलेली नाही. युरोप एका ठिकाणाहून दिसत नाही, हे गृहीतक रचनेतच गोवलेले आहे.

या जाळ्यात युरोपबाहेरील भागीदार म्हणून पुणे विद्यापीठाचा समावेश झाला. जपानमधील ओसाका, मेक्सिकोचे राष्ट्रीय विद्यापीठ आणि अमेरिकेतील इंडियानापोलिस ही अन्य केंद्रे. तिसऱ्या सत्रातील संशोधनासाठी विद्यार्थ्याला यांपैकी एखाद्या ठिकाणी जाण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे युरोपचा अभ्यास करण्यासाठी युरोपातून पुण्यास यावे, असा हा उलटा प्रवास. तो कागदोपत्री फार आकर्षक वाटतो. त्याचे खरे मोल मात्र पुण्यात आल्यावर अभ्यासकाच्या हाती कोणत्या भाषेतील कागद पडतात, यावर ठरणार. पुण्यातील युरोप जर त्याला इंग्रजी पुस्तकांतूनच वाचावयाचा असेल, तर तो उप्सालाच्या ग्रंथालयातही बसून वाचता आला असता.

हा आक्षेप केवळ परक्या विद्यार्थ्याला लागू नाही. मराठी माणसाचा युरोपही प्रायः इंग्रजीच्या दिंडीदरवाजातून आत आलेला आहे. विनायक दामोदर सावरकरांनी केलेले मॅझिनीच्या आत्मचरित्राचे व राजकीय लेखनाचे मराठी भाषांतर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय राजकारणाचा मराठीतील तो एक महत्त्वाचा प्रवेश होय. पण ते इटालियन लेखनही इंग्रजी आवृत्तीच्या मार्गानेच मराठीत आले. याला अपवाद आहेत, आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. तंजावरचे सरफोजी राजे श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकले. १८०६ मध्ये तेथे छापलेले इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' हे, ज्या दरबारात जर्मन धर्मोपदेशक आणि डॅनिश वखारीचे शेजारी यांच्यामार्फत युरोप पोहोचला होता, त्या दरबाराचे अपत्य आहे. गोव्यातील परंपरा तर त्याहून दोन शतके जुनी. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या वाटा मोडत गेल्या आणि 'विलायत' या एका शब्दात सारा युरोप सामावला.

इंग्रजीच्या या मध्यस्थीत काय गळते, हे एका उदाहरणाने पाहू. त्यासाठी झाशीच्या दक्षिणेस, तालबेहट आणि ललितपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या बबीना या छावणीच्या गावी जाऊ. रणगाड्यांच्या गोळीबाराची विस्तीर्ण मैदाने हीच या गावाची आजची प्रसिद्धी. 'ब्रिटिश आर्मी बेस इन नेटिव्ह एशिया' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून बबीना हे नाव झाले, असे तेथे हौसेने सांगितले जाते. ही उघडच लोकव्युत्पत्ती वाटते. ती जितकी अविश्वसनीय तितकीच बोलकी आहे, कारण आपल्या गावाचे नावही साहेबाच्याच दप्तरात सापडणार, हा तिच्यामागील भरवसा. २०१८ मध्ये भारत आणि रशिया यांचा 'इंद्र' हा संयुक्त लष्करी सराव याच मैदानांवर झाला. रशिया युरोपात मोडतो की नाही, हा यूरोकल्चरसारख्या अभ्यासक्रमातील ठरलेला वादविषय. बबीनाच्या दुकानदाराला त्याचा निकाल लावण्याची गरज पडली नसावी.

अशा छावणीच्या गावी वाढलेला एक मराठी विद्यार्थी कल्पावा. घरात मराठी, बाजारात बुंदेली, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. त्याने युरोपीय राजकारण व संस्कृती हा विषय पदव्युत्तर अभ्यासासाठी निवडला, तर त्याला युरोप फार दूर शोधावा लागणार नाही. तो ज्या रस्त्याने झाशीला जातो, त्याच दक्षिणेच्या अंगाने मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याची फौज मदनपूरचा घाट उल्लंघून झाशीवर चालून गेली. आपल्या शालेय इतिहासात रोज हा केवळ राणीचा शत्रू, एक इंग्रज सेनापती. वस्तुतः त्याचा जन्म १८०१ मध्ये बर्लिनमध्ये, ब्रिटिश मुत्सद्द्याच्या घरी झाला आणि शिक्षणही तेथेच झाले. पुढे तो सिरियात ब्रिटनचा महावाणिज्यदूत होता. १८५३ मध्ये रशियाचा दूत मेन्शिकोव्ह तुर्की सुलतानावर दडपण आणू लागला, तेव्हा कॉन्स्टँटिनोपल येथे ब्रिटिश वकिलातीचा कारभार रोजच पाहत होता आणि त्याने आपल्या आरमाराला पाचारण करण्याचा प्रयत्न केला. क्रिमियन युद्धात तो फ्रेंच सेनेच्या तळावर ब्रिटनचा प्रतिनिधी होता. म्हणजे 'पूर्वेचा प्रश्न' या नावाने युरोपीय राजकारणाच्या पाठ्यक्रमात जो अध्याय शिकवला जातो, त्यातील एक पात्र थेट झाशीच्या तटाखाली येऊन उभे राहिले. हे दोन अध्याय एकाच पुस्तकात बांधले जात नाहीत, इतकेच.

आता बुंदेलखंडाच्या राजपुत्राकडे वळू. ज्यूल व्हर्न याच्या समुद्रतळावरील सफरीची कादंबरी १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील कॅप्टन निमो कोणत्या देशाचा, हे तेथे कोठेही सांगितलेले नाही. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा सरदार होता. रशियाविरुद्धच्या १८६३ च्या पोलिश उठावात ज्याचे कुटुंब उद्ध्वस्त झाले, असा. प्रकाशक हेत्झेल याला ही कल्पना मानवली नाही. रशियाची नाराजी ओढवून घेणे त्याला राजकीय आणि व्यापारी, दोन्ही दृष्टींनी परवडणारे नव्हते. लेखक-प्रकाशकांच्या पत्रव्यवहारात हा वाद आलेला आहे. परिणामी निमो निर्देश झाला. पुढे 'गूढ बेट' या १८७४-७५ च्या कादंबरीत त्याला अखेर देश मिळाला: तो बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र, राजपुत्र डक्कार. दहाव्या वर्षी बापाने त्याला युरोपात धाडले ते सर्व विद्या शिकून पुढे राज्यकर्त्यांशी बरोबरीने झुंजता यावे या हेतूने. तिशीपर्यंत तो युरोपात शिकला, हिंडला, १८४९ मध्ये बुंदेलखंडात परतला, १८५७ च्या उठावात लढला आणि पराभवानंतर पाणबुडी बांधून समुद्रात नाहीसा झाला. युरोपीय राजकारण आणि संस्कृती यांचे उच्च शिक्षण घेतलेला बुंदेलखंडाचा पहिला विद्यार्थी, तोही काल्पनिक, फ्रेंच कादंबरीत सापडावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या पात्राची जोडकामे उघडी पडलेली आहेत आणि ती तपासण्यातच तौलनिक अभ्यासाचे खरे काम आहे. व्हर्न त्याला टिपू सुलतानाचा पुतण्या म्हणतो. म्हैसूरचा सुलतान आणि बुंदेलखंडाचा राजा यांचे हे नाते इतिहासात किंवा भूगोलात बसत नाही. परंतु फ्रेंच स्मृतीत ते सहज बसते. टिपूचे वकील १७८८ मध्ये सोळाव्या लुईच्या दरबारी गेले होते. इंग्रजांचा हिंदुस्थानातील शत्रू म्हटले की फ्रेंच वाचकाला टिपूच आठवणार. दुसरे जोडकाम याहून लक्षणीय. पहिल्या कादंबरीत निमोच्या खोलीच्या भिंतीवर काही तसबिरी आहेत: पोलंडचा कोशिउश्को, ग्रीसचा बोत्सारिस, आयर्लंडचा ओकॉनेल, व्हेनिसचा मानिन, आणि अमेरिकेचे वॉशिंग्टन, लिंकन व जॉन ब्राऊन. एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रवादाचा हा जणू सत्रभराचा पाठ्यक्रमच. यात हिंदुस्थानातील एकही चेहरा नाही, कारण तसबिरी टांगल्या तेव्हा त्या खोलीचा मालक हिंदी ठरलेला नव्हता. पोलिश माणसाची खोली तशीच ठेवून तिच्यावर बुंदेलखंडी नावाची पाटी लावली गेली. मग बुंदेलखंड येथे काय आहे? पोलंडविषयी जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठी सापडलेली सुरक्षित जागा. पॅरिसमध्ये बसून इंग्रजांच्या जुलमाविषयी लिहिण्यास हेत्झेलची हरकत असण्याचे कारण नव्हते.

ही जागा सुरक्षित होती ती फ्रेंच वाचकापुरती. १८७५ मध्ये किंग्स्टन यांच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात राजपुत्राच्या पूर्ववृत्ताचा भाग उलटापालटा करण्यात आला. उठाव हा स्वातंत्र्याचा झगडा न राहता महत्त्वाकांक्षी संस्थानिकांनी भोळ्या प्रजेला लावलेली फूस ठरला आणि इंग्रजी राज्य शांतता-समृद्धीचे दाते ठरले. हेच भाषांतर शतकभराहून अधिक काळ इंग्रजी जगात सर्वत्र वाचले गेले. मूळ मजकुराला धरून असलेली जॉर्डन स्टंप आणि सिडनी क्रॅव्हिट्झ यांची भाषांतरे एकविसाव्या शतकाच्या आरंभी आली. आपल्याकडे व्हर्न लोकप्रिय केला तो मुख्यतः भा. रा. भागवत यांच्या रसाळ रूपांतरांनी. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. पण हिंदुस्थानात जुन्या इंग्रजी प्रतीतून ज्याने हे 'बेट' वाचले, त्या वाचकाने आपल्याच भूमीवरील बंडाची इंग्रजांनी दुरुस्त केलेली हकीकत, एका फ्रेंच लेखकाचे मत समजून वाचली. युरोपीय विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात इंग्रजीशिवाय आणखी एका युरोपीय भाषेचा आग्रह का असावा, याचे यापेक्षा नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

व्हर्न एकटा नव्हता. हेर्मान ग्योडशे हा प्रशियन पत्रकार 'सर जॉन रेटक्लिफ' असे इंग्रजी टोपणनाव घेऊन कादंबऱ्या लिहीत असे. त्याची 'नेना साहिब' ही त्रिखंडात्मक कादंबरी १८५८-५९ मध्ये, म्हणजे उठाव पुरता विझण्यापूर्वीच, बाजारात आली. नानासाहेब पेशव्यांना नायकस्थानी नेणारी आणि इंग्रजांवर आग ओकणारी ही कादंबरी मराठी वाचकाला प्रथम सुखावते. मात्र याच ग्योडशेने १८६८ च्या 'बियारित्झ' कादंबरीत प्रागच्या ज्यू दफनभूमीतील गुप्त बैठकीचे जे कपोलकल्पित प्रकरण लिहिले, ते पुढे ज्यूद्वेष्ट्यांनी खरा वृत्तान्त म्हणून फिरवले आणि त्यातून कुप्रसिद्ध 'प्रोटोकॉल्स'ला खाद्य मिळाले. परक्या साम्राज्याचा द्वेष आणि शेजाऱ्याचा द्वेष एकाच दौतीतून लिहिता येतो, हे ग्योटिंगेनच्या वर्गात नानासाहेबांचे नाव काढणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवणे बरे. व्हर्नने १८८० च्या वाफेच्या घराच्या कादंबरीत पुन्हा नानासाहेबांना आणले, पण आता ते सूडाने पेटलेले खलपुरुष आहेत. पाच-सहा वर्षांत एकाच लेखकाच्या हातून १८५७ चा बंडखोर उदात्त राजपुत्रही होतो आणि लपून वार करणारा वैरीही, याची संगती केवळ वाङ्मयीन निकषांवर लागणार नाही.

या सर्व लेखकांनी बुंदेलखंड पाहिलेले नव्हते. ज्याने पाहिले, त्याचे पुस्तक मराठीत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये काकांसह उत्तरेस निघाले आणि रोजने झाशीला वेढा दिला तेव्हा शहरात अडकले. 'माझा प्रवास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना नवा नाही. येथे सुचवायचे आहे ते इतकेच की तो युरोपच्या अभ्यासाचेही मूलसाधन आहे. तोफांचे मोर्चे, शहर पडल्यानंतरची कत्तल, राणीच्या ग्रंथसंग्रहाची नासधूस, आणि कोणत्या दिवशी कोणत्या प्रकारची लूट झाली याची भिक्षुकी नेटकेपणाने ठेवलेली नोंद, हे सारे एका युरोपीय सैन्याचे वर्तन आहे आणि ते सोसणाऱ्याच्या बाजूने नोंदलेले आहे. कत्तलीसाठी गोडसे 'बिजन' हा मराठीत मुरलेला फारसी शब्द वापरतात. नादिरशहाच्या दिल्लीपासून चालत आलेल्या अनुभवाच्या परंपरेत तो शब्द इंग्रजांना नेऊन बसवतो. सुधारणेचा दूत म्हणून स्वतःकडे पाहणाऱ्या युरोपला हे स्थान ओळखीचे वाटणार नाही, आणि म्हणूनच ते त्याच्यापुढे ठेवण्याजोगे आहे.

गोडसे यांचे लेखनही जसेच्या तसे बाहेर आले नाही. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, भाषा घासूनपुसून आणि मजकुराची काटछाट करून ते छापले. मूळ हस्तलिखितानुसार दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ मध्ये आली. हेत्झेलला रशियाचा विचार होता, किंग्स्टनच्या भाषांतराला राणीच्या साम्राज्याचा, वैद्यांना सरकारच्या रोषाचा आणि काही अंशी शिष्टाभिरुचीचाही. बुंदेलखंडातील एकाच उठावाविषयीचे तीन भाषांतील मजकूर तीन वेगळ्या धाकांखाली बदलले गेले. व्हर्नच्या वाट्याला आलेली संहिताचिकित्सा गोडसे यांनाही मिळावी, म्हणजे वैद्य व पोतदार यांच्या पाठांची ओळीगणिक तुलना युरोपीय अभ्यासकापुढे यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. २०११ ते २०१४ या काळात मृणाल पांडे, सुखमणी रॉय, आणि प्रिया आडारकर व शांता गोखले यांची अशी तीन इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध झाली. कोणते भाषांतर कोणत्या पाठावर उभे आहे आणि 'बिजन' किंवा 'गोरे' यांचे त्यात काय होते, हा एका प्रबंधिकेचा विषय सहज होईल.

राजकारणाच्या बाजूलाही असेच आहे. सार्वभौमत्व शिकवताना १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. झाशीच्या नेवाळकरांशी कंपनीने १८१७ मध्ये केलेला तह त्या यादीत येत नाही. रामचंद्ररावांचे राज्य वंशपरंपरेचे मानणारा हा तह, आणि १८५३ मध्ये गंगाधररावांच्या निधनानंतर दत्तक नाकारून १८५४ मध्ये केलेले खालसाकरण, यांत 'वारस' या एका शब्दाचा अर्थ काय, हाच वाद होता. राणीने पाठविलेले खलिते तहाच्या कलमांचा आधार घेऊन हा वाद घालतात. धर्मशास्त्रातील दत्तविधान आणि युरोपीय राज्यव्यवहारातील उत्तराधिकार यांची ती गाठ आहे. तिला केवळ शौर्यकथेची प्रस्तावना मानल्याने आपलेच नुकसान झाले आहे.

व्यवहारातील अडचण मान्य केली पाहिजे. अशा अभ्यासक्रमांत प्रबंधिका इंग्रजीत लिहावी लागते. मराठी साधन उद्धृत केले, तर ते तपासू शकणारा मार्गदर्शक क्राकूव्ह किंवा उदिने येथे मिळणे कठीण. मग विद्यार्थी मुकाट्याने इंग्रजी भाषांतराचा आधार घेतो आणि जो माल घेऊन निघाला तोच दारात उतरवून ठेवतो. पुण्याच्या भागीदारीचा उपयोग येथे होऊ शकतो. मराठी साधनांसाठी सहमार्गदर्शक द्यावा, गोडसे यांच्यासारख्या ग्रंथाचे दोन्ही पाठ समोरासमोर ठेवलेली भाषांतरित वेचे-पुस्तिका तिसऱ्या सत्राच्या वाचनात लावावी, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच किंवा जर्मन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हर्न आणि ग्योडशे यांची संबंधित प्रकरणे मुळातून मराठीत आणण्याचे काम द्यावे. केंद्रीय विद्यापीठांतील मराठी अध्यासनांचे काम हिंदी प्रदेशातील मराठीचा शोध घेण्यापुरते राहण्याचे कारण नाही. झाशी, सागर, जालौन येथील मराठी कागदांची युरोपीय विषयांच्या दृष्टीने वर्णनात्मक सूची त्यांनी करावी. तसे झाले, तर बबीनाहून निघणाऱ्या त्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्राचा निबंध लिहिण्यास दुसरा विषय शोधावा लागणार नाही.